टॉवरवर कोणी चढत नाहीये, आधी लॅपटॉप परत द्या

पत्र देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचं. मुलगा पॉलिटेक्निकला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, ६८ टक्के. हल्ली रात्री मोबाईल नेटवर्कच्या स्टँडर्डचे इंग्रजी पीडीएफ वाचतो, झेरॉक्सचे गठ्ठे आणतो, म्हणून त्यांनी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलंय. मुंबईचे मेव्हणे म्हणतात टेलिकॉम संपलं, आयटीला टाक. आणि शेवटी सरळ मालवणीत विचारलंय, "माझो झील टॉवरार चढतलो काय?"

नमस्कार भाऊ,

नाही चढणार. ते काम रिगरचं, त्याचं ट्रेनिंग वेगळं. पण मला काळजी वेगळीच वाटली. पत्रात मेव्हणे काय म्हणाले ते आहे, शेजारच्यांचा मुलगा पुण्यात किती कमावतो ते आहे, बागेवरचं कर्ज आहे, पण तुमचा मुलगा काय म्हणतो ते एका ओळीतही नाही. विचारलंत का त्याला, की थेट कुलूपच? ६८ टक्क्यांचं मला काही वाटत नाही. ज्याचे मार्क मिळणार नाहीत असलं रुक्ष डॉक्युमेंट पोरगा आपणहून वाचत बसतो, आणि घरात त्याची शिक्षा मिळते, मग तो वाचायचा थांबत नाही हो, फक्त तुमच्यापासून लपवायला लागतो, आणि एकदा लपवायची सवय लागली की उद्या केटी लागली तरी तुम्हाला बाहेरूनच कळेल. मोहोर गळला की घरात काय होतं ते कोकणात कोणाला सांगायला नको, पण ते कर्ज रोज त्याच्या ताटात वाढू नका.

मेव्हणे खोटं बोलत नाहीत. एअरसेल गेली, अनिल अंबानींची आरकॉम गेली, ऑपरेटर मोजकेच उरले. पण ऑपरेटर म्हणजे अख्खं टेलिकॉम नव्हे. फोनमधली चिप, बेस स्टेशनचं सॉफ्टवेअर, प्रोटोकॉल टेस्टिंग ही कामं बंगलोर, हैदराबाद, पुण्यात चालतात आणि त्यात कोडिंगच असतं, त्यामुळे आयटी की टेलिकॉम हा वाद निम्मा बिनकामाचा आहे. नुसत्या डिप्लोमावर मात्र तिथे कोणी उभं करणार नाही, फार तर ड्राइव्ह टेस्टचं काम मिळेल, म्हणजे गाडीत फोन-लॅपटॉप घेऊन सिग्नल मोजत फिरायचं, पगार बेताचा. म्हणून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंग, त्याची प्रोसेस कॉलेजात विचारा.

आता तुमचं ते, "५जी शिकून ६जी आलं की सगळं फुकट". हे डोक्यातून काढा. मुलगा वाचतो ते मोबाईल नेटवर्कचे नियम बनवणारी संस्था थ्रीजीपीपी १९९८ मध्ये ३जीसाठी सुरू झाली, तिनेच नियमांच्या आठव्या आवृत्तीत, म्हणजे रिलीज ८ मध्ये, एलटीई (४जी) आणलं, रिलीज १५ मध्ये ५जी, आपल्याकडची टेलिकॉम स्टँडर्डची संस्था टीएसडीएसआय तिची भागीदार आहे. नवीन पिढी जुनीला फेकून देत नाही. २०२२ मध्ये एअरटेलने ५जी सुरू केलं ते ४जीच्या कोरवरच (कोर म्हणजे टॉवरच्या मागे सगळं नेटवर्क चालवणारा भाग), जिओने स्वतंत्र ५जी कोर घेतला, आणि हवेतून डेटा पाठवायची ओएफडीएम पद्धत एलटीईतही होती नि ५जीतही आहे. फुकट जाईल ते नुसते रिलीजचे आकडे पाठ करणाऱ्याचं.

हे पुढचं मुलाला वाचायला द्या. अरे, झेरॉक्स कशाला काढतोस, हे सगळं फुकट डाउनलोड होतं आणि नवी व्हर्जन येत राहते, तुझा गठ्ठा जुना होणार. २३.५०१, म्हणजे ५जी नेटवर्कच्या रचनेचं डॉक्युमेंट, पहिल्या पानापासून वाचू नकोस, कोणीच तसं वाचत नाही. शॉर्टफॉर्मसाठी २१.९०५ उघडं ठेव, ३८.३०० मधून रेडिओचा ढोबळ नकाशा घे, मग फोनवर सिग्नल दाखवणारं ॲप टाकून सड्यावरून खाली वाडीत चालत जा, आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ८५ वरून उणे ११५ ला कुठे घसरतो, बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कधी बदलतो बघ, आणि ७०० मेगाहर्ट्झ जिथे पोचतं तिथे ३५०० का पोचत नाही ते शोध. नंतर ओपन५जीएस (५जी कोरचं सॉफ्टवेअर) आणि यूईरॅनसिम (टॉवर-फोनची नक्कल करणारं), सगळं सॉफ्टवेअरमध्येच उभं राहतं, त्यांच्यातले मेसेज वायरशार्क नावाच्या टूलमध्ये दिसतात. त्याला लॅपटॉप लागतो, भाऊ.

पुढचं पत्र त्याला लिहू दे, तुम्ही वाचू नका. मॅथ्स कसं चाललंय आणि सी किंवा पायथन किती येतं एवढंच त्याने लिहावं. मार्कशीट नको.