टॅक्स चुकवणं, टाळणं, वाचवणं अन् 'टॅक्स बसतच नाही'

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळंल. तुमच्या बँकेत वरून हिंदी मजकूर आला, 'समय पर टैक्स चुकाएँ', अन् ऑफिसातल्या पोरानं त्याचं मराठी केलं 'वेळेवर टॅक्स चुकवा', ते छापायला जाता जाता तुमच्या नजरेला पडलं. त्यावरून तुम्ही विचारायलात की चुकवणं, बुडवणं, टाळणं, वाचवणं यात नेमका फरक काय, अन् मोठी माणसं सीए लावून कायद्यात राहून टॅक्स कमी करतात त्याला मराठीत काय म्हणावं.

पत्रकाचं एका ओळीत सांगतो, 'वेळेवर कर भरा' लिहा अन् मोकळे व्हा. मराठीत टॅक्स भरतात, चुकवला की नोटीस येते. पण पोराला लई बोलू नका, कारण तो ज्या अर्थाला फसला तो अर्थ मराठीतही हाय, फक्त रोजच्या बोलण्यात क्रियापदात सहसा नाही. हिशोब 'चुकता' केला म्हणजे पूर्ण दिला. अन् आपल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तर रोजचा शब्द हाय 'चुकारा', तुरीचे चुकारे आले का, हरभऱ्याचे चुकारे कामून थकलेत. म्हणजे लातूरच्या नाहीतर परभणीच्या मोंढ्यात एकच आडत्या सकाळी शेतकऱ्याचा चुकारा करतो म्हणजे पैसे देतो, अन् दुपारी कच्च्या चिठ्ठीवर माल फिरवून टॅक्स चुकवतो म्हणजे पैसे देत नाही, दोन्हीकडं 'चुक'च. हिंदीनं देण्याचा अर्थ क्रियापदात ठेवला, आपण तो चुकता-चुकाऱ्यात ठेवला अन् 'चुकवणं' हे नजर चुकवणं, डोळा चुकवणं ह्या रांगेत नेऊन बसवलं. म्हणून मराठी कानाला चुकवण्यात लपूनछपून केल्याचा वास येतोच, तो काढता येत नाही. पेपरात आजकाल 'करचोरी' दिसतो तो मला तरी हिंदीच्या वळणाचा वाटतो, आपला 'करचुकवेगिरी' लांबलचक असला तरी चांगला हाय.

बुडवणं त्याच्या पुढचं. चुकवणाऱ्यानं मुळात देणं दिसूच दिलं नाही, बुडवणाऱ्याचं देणं ठरलंय, सगळ्यांना माहीत हाय, तरी तो देणार नाही. थकवणं मात्र वेगळं, थकवणारा देणार हाय पण आज नाही, घरपट्टी थकते, पाणीपट्टी थकते, अन् ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव लागतं ते थकबाकीदाराचं, बुडव्याचं नाही. बघा, सगळ्यात लहान रकमेवाल्याचंच नाव फळ्यावर.

अजून एक क्रियापद हाय जे शब्दकोशात या अर्थानं सापडत नाही पण सीएच्या ऑफिसात दिवसभर चालतं, 'दाखवणं'. उत्पन्न कमी दाखवलं, खर्च जास्त दाखवला, अन् आपल्याकडचं खास म्हणजे 'शेतीत दाखवलं'. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हा विषय घटनेनं राज्यांच्या यादीत टाकलेला हाय. त्यामुळं शहरात धंदा जोरात असलेल्या माणसाची गावाकडची जमीन अचानक लई पिकायला लागते. समजा 4 एकर कोरडवाहू सोयाबीन हाय, एकरी 8 क्विंटल धरा (आपल्या पावसात हे लई झालं), भाव 2025-26 च्या हमीभावाचा धरा, 5,328 रुपये, जो मोंढ्यात बऱ्याचदा मिळत नाही ही गोष्ट सोडा. झाले 1,70,496 रुपये, तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी काही वजा न करता. अन् रिटर्नमधी त्याच 4 एकराचे 25 लाख दाखवलेत. ह्याला टाळणं म्हणू नका, वाचवणं तर अजिबात म्हणू नका, ही सरळ चुकवेगिरी हाय. सवलत खरी हाय पण तिच्यात घातलेला पैसा शेतीचा नाही. खऱ्या शेतकऱ्याचं नाव बदनाम होतंय ते वेगळंच.

आता कायद्यातलं. इंग्रजीत 'इव्हेजन' अन् 'अव्हॉयडन्स' अशी जोडी हाय, पहिलं बेकायदा, दुसरं कायद्यात राहून. मराठीत पहिल्याला चुकवणं अन् दुसऱ्याला टाळणं असं लावतात, अन् ते ठीक हाय. पण बोलताना आपण दुसऱ्यासाठी 'टाळणं' म्हणतच नाही, म्हणतो 'वाचवणं'. टाळण्यात टाळाटाळ हाय, कामचुकारपणा हाय, अन् वाचवण्यात संसाराला लागलेल्या माणसाचं कौतुक. काम एकच. मास्तरनं पीपीएफ अन् एलआयसीत पैसे टाकून आयकराच्या जुन्या पद्धतीत दीड लाखापर्यंतची वजावट घेतली तर मी त्याला वाचवणंच म्हणीन, कारण लोकांनी बचत करावी म्हणूनच सरकारनं ते दार ठेवलं होतं. पण घरातल्या घरात पैसा फिरवायचा, 'हिंदू अविभक्त कुटुंब' नावाचा वेगळा पॅन काढायचा म्हणजे आणखी एक मूळ सूट मिळती, (तीन भावांच्या तीन चुली, बांधावरून कोर्टात केस, अन् पॅन कार्डावर मात्र अविभक्त), हे वाचवणं अन् टाळणं यांच्या मधी कुठंतरी पडतं. बायकोच्या नावानं पैसे ठेवले तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, ते दार कायद्यानं बंद केलंय, पण आईवडलांच्या किंवा सज्ञान पोराच्या नावानं दिले तर धरत नाहीत. ज्याला हे माहीत हाय तो 'प्लॅनिंग' करतो, माहीत नाही तो भरतो.

अन् आता तो शब्दप्रयोग ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. संभाजीनगरच्या आजूबाजूला जमिनीचा सौदा चालू असताना नीट ऐका, कुणीही टॅक्स 'टाळला' म्हणत नाही, 'वाचवला' पण म्हणत नाही, म्हणतात 'आठच्या बाहेर हाय, टॅक्स बसत नाही'. हे आठ म्हणजे 8 किलोमीटर. आयकर कायद्यात ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच धरत नाहीत, त्यामुळं ती विकून कितीही नफा झाला तरी भांडवली नफ्यावरचा कर नाही. ग्रामीण कोणती, तर जवळच्या पालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असंल तर तिच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या पुढची, एक ते दहा लाखाला 6, दहा लाखाच्या वर 8, अन् हे अंतर रस्त्यानं नाही, हवाई. म्हणून संभाजीनगरला 8 अन् लातूर, नांदेड, परभणीला 6. आता शेजारी शेजारी दोन शेतं घ्या, एक साडेसातवर अन् एक सव्वाआठवर, माती तीच, भाव जवळपास तोच, गिऱ्हाईक तेच. आतल्यानं जुलै 2024 पासूनच्या दरानं नफ्यावर साडेबारा टक्के भरायचे (नाहीतर दोन वर्षांत दुसरी शेती घेऊन सूट घ्यायची), अन् बाहेरच्याला काही नाही. बाहेरच्यानं कोणती लबाडी केली? काहीच नाही. पण ज्यानं आठच्या बाहेरच्याच जमिनी शोधून शोधून शेतकऱ्याकडून घेतल्या अन् विकल्या, (तो धंदाच करायलाय असं आयकर खात्याला सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी), त्यालाही हेच क्रियापद, बसत नाही. जसं काही टॅक्स ही पाखरासारखी चीज हाय, आपल्या मनानं बसती नाहीतर उडून जाती, कुणी हाकललंच नाही. वाक्यातला माणूसच गायब होतो, अन् माणूस गेला की न्याय-अन्याय विचारायचा कुणाला.

कोर्टापुढं हा शब्दांचा गुंता लई वर्षं हाय. 1985 ला मॅकडॉवेल कंपनीच्या केसमधी, दारूवरची एक्साईज गिऱ्हाईकानं परस्पर भरली म्हणून ती आमच्या विक्रीत धरू नका असा कंपनीचा दावा होता, सुप्रीम कोर्टानं तो मानला नाही अन् सांगितलं की कायद्याच्या चौकटीतलं करनियोजन चालंल पण वरवरचा देखावा करून कर टाळणं हा नियोजनाचा भाग होत नाही. पुढं 2012 मधी, परदेशात झालेल्या खरेदीवर इथं कर लागतो का या केसमधी, व्होडाफोन या मोबाईल कंपनीच्या बाजूनं निकाल गेला, सरकारनं मागच्या तारखेपासून कायदा बदलला, 2021 ला तो बदल मागं घेतला, तो सगळा तमाशा तुम्हाला आठवत असंल. अन् 1 एप्रिल 2017 पासून 'गार' नावाचे नियम आले, व्यवहाराचा मुख्य हेतूच कर टाळणं असंल अन् त्याला धंद्याचा खरा अर्थ नसंल तर तो व्यवहार खातं धरणार नाही, पण कराचा फायदा 3 कोटींच्या वर असंल तरच. म्हणजे 'टाळणं कायदेशीर' हे वाक्य आता पूर्ण खरं नाही, टाळण्यातही एक हद्द आलीय.

आतापर्यंत उत्पन्नावरच्या कराचं झालं, साठलेल्या संपत्तीवरच्या कराचं म्हणाल तर आपल्याकडं त्याला एक जुना शब्द होता अन् त्याचं आपण काय केलं ते बघा. जकात. मूळ अरबी, इस्लामातलं कर्तव्य, ज्याच्याकडं साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीएवढी शिल्लक चांद्रवर्षभर टिकली त्यानं तिचा चाळीसावा हिस्सा, अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. राहतं घर, रोजच्या वापरातल्या वस्तू त्यात धरत नाहीत. म्हणजे उत्पन्नावर नाही, साठलेल्यावर, अन् ज्याच्याकडं साठलंय त्याच्यावरच. मराठीत आल्यावर जकात झाली नाक्यावर ट्रक अडवून घ्यायची गोष्ट, जिचा बोजा शेवटी तेलाच्या पुड्यावर, साबणाच्या वडीवर, मजुरापासून मालकापर्यंत सगळ्यांवर सारखा. शब्द तोच, भार वरून खाली आला. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला अन् गेला, 2017 ला जीएसटी आला, पण मराठवाड्यात दोन्ही जकाती अजून शेजारी नांदतात, रमजानमधी मोहल्ल्यात एक हिशोब चालतो अन् बसस्टॉपचं नाव अजून जकातनाका.

अन् पळवाट इस्लामातल्या जकातीतही होती बरं का. वर्ष पुरं व्हायच्या आत माल बायकोच्या नावानं करायचा, म्हणजे वर्ष दोघांचंही भरत नाही. याला तिकडच्या धर्मशास्त्रात 'हीला' म्हणतात अन् त्यावर जुन्या पंडितांनी लई वाद घातलाय. शेतीचा हिशोब तर आपल्या भागानं वाचण्यासारखा हाय, जमिनीच्या किमतीवर काही नाही, पिकावर हाय, पावसावरच्या पिकाला दहावा हिस्सा अन् खर्च करून पाणी दिलेल्याला विसावा. कोरडवाहू अन् बागायत यातला खर्चाचा फरक त्यांनी धरला होता.

आपला सरकारी संपत्ती कर 1957 चा. शेवटी शेवटी तो 30 लाखांच्या वर 1 टक्का होता, पण शेअर 1993 पासूनच बाहेर काढलेले, त्यामुळं दागिने, गाड्या, शहरातला प्लॉट यावर तो लागायचा अन् खरी मोठी संपत्ती ज्या शेअरमधी असती ती मोकळी. 2013-14 ला देशभरातून 1,008 कोटी मिळाले, वसुलीला खर्चिक म्हणून 2015 च्या बजेटमधी अरुण जेटलींनी तो काढून टाकला अन् कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर 2 टक्के जास्तीचा सरचार्ज लावला. वारसा कर त्याच्याही आधी, 1985 ला गेला. संपत्ती कराच्या विरोधात एक मुद्दा मला पटतो, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याकडं रस्त्यालगत जमीन असलेल्या माणसाची संपत्ती कोटीची दिसती अन् खिशात डिझेलपुरते पैसे नसतात, त्यानं कर कशातून भरावा, बांध विकून का? पण हा मुद्दा त्याच्यासाठी हाय, शेअर गहाण ठेवून कर्ज काढून खर्च चालवणाऱ्यासाठी नाही. त्याचा शेअर विकलाच नाही म्हणून नफा नाही, कर्ज हे उत्पन्न नाही, म्हणून टॅक्स परत 'बसत नाही'.

तर ताई, माझ्यापुरतं मी असं वापरतो. खोटं दाखवलं, लपवलं तर चुकवणं. ठरलेलं दिलं नाही तर बुडवणं. सरकारनं मुद्दाम ठेवलेली सवलत घेतली तर वाचवणं. सवलत ज्याच्यासाठी होती त्याच्यासाठी न वापरता दुसऱ्याच कामाला लावली, तर कायदेशीर असली तरी टाळणं, अन् त्या वाटेला पळवाट. 'करनियोजन' हा शब्द मी सीएच्या पाटीपुरता ठेवलाय. अन् 'बसत नाही' कुणी म्हणलं की मी विचारतो, कुणाला बसत नाही अन् कुणी बसू दिला नाही, मग ते चिडतात ही गोष्ट वेगळी.

उदगीर, देगलूरकडच्या लोकांनो, तुमच्या कन्नड-तेलुगू लागलेल्या बोलीत यासाठी दुसरं क्रियापद असंल तर सांगा, मोंढ्यातलं असंल तर जास्तच चांगलं.