बॉल नंतर, नजर आधी

प्रश्न : आम्ही नाटकातली मंडळी वीस मिनिटांचा लघुपट करतोय. टेनिसपटूंची हलकीफुलकी प्रेमकथा आहे, पण आमच्या दोन्ही कलाकारांना टेनिस येत नाही. ‘विम्बल्डन’ (२००४) चित्रपटात रॅली कशा जमवल्या? – एक वाचक, फोंडा

उत्तर : त्यात बऱ्याच रॅलींत, म्हणजे सलग फटक्यांच्या देवाणघेवाणीत, बॉल नव्हताच. नायक-नायिका पॉल बेटनी आणि कर्स्टन डन्स्ट यांनी १९८७चा विम्बल्डन विजेता पॅट कॅशकडून फटके घोटून घेतले. बॉल मागाहून संगणकावर घातला. हे खपतं, कारण ताशी १८० किलोमीटरची सर्व्हिस सेकंदाला ५० मीटर जाते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर एका फ्रेममध्ये दोन मीटर! पडद्यावर दिसते ती नुसती पिवळी रेघ. बॉल कुठे आहे, हे प्रेक्षक खेळाडूच्या डोळ्यांवरून ओळखतो.

तुम्हाला ताल कळतो, तोच वापरा. कॅमेऱ्यामागे एकाने फटक्याला टाळी, टप्प्याला चुटकी द्यावी. दोन टाळ्यांमध्ये साधारण दीड सेकंद. टप्प्याच्या जागी खडूची खूण करा आणि दोघांची नजर तिथूनच वर येऊ द्या. नाटकातल्या नटाची नजर सवयीने प्रेक्षकांकडे, म्हणजे इथे कॅमेऱ्याकडे जाते. सगळ्यात जास्त टेक त्यातच वाया जातात.

दुसरी खोड हवेतल्या फटक्याची. धक्का बसत नाही म्हणून हात सैल पडतो, रॅकेट उशिरा येते आणि फटका अंगाच्या मागे लागल्यासारखा दिसतो. म्हणून टेकआधी हाताने टाकलेले तीसेक खरे बॉल मारायला लावा. फटका पुढच्या गुडघ्याच्याही पुढे लागला पाहिजे. समोरचा मारतो त्या क्षणी छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायचं. पाय रोवून उभा राहिलेला खेळाडू लगेच खोटा वाटतो.

गुणफलकही जपा. त्या गेममध्ये झालेल्या गुणांची बेरीज सम असेल तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून. टेनिसमध्ये १५, ३०, ४० म्हणजे एक, दोन, तीन गुण. म्हणून ४०-३० म्हणजे तीन अधिक दोन, पाच, डावीकडून.

चित्रीकरण पावसाळा सरल्यावर, सकाळी सात ते नऊ. ओल्या कोर्टावर बॉलची लव पाणी पिते, तो जड होतो, उसळत नाही. आपल्या दमट हवेत मूठ घामाने निसटते. रॅकेटला नवी ग्रिप गुंडाळा.

प्रश्न : ‘विम्बल्डन’ चित्रपटातला नायक जागतिक क्रमवारीत ११९वा आहे. असा खेळाडू खरंच विम्बल्डन खेळू शकतो? – एक वाचक, मडगाव

उत्तर : हो. पुरुष एकेरीत १२८ जागा असतात : १०४ क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी स्वतः दिलेल्या जागा. नायकाला वाइल्ड कार्डच मिळतं. २००१मध्ये १२५वा असलेला गोरान इव्हानिसेविच तसाच आला आणि अंतिम सामन्यात पॅट राफ्टरला हरवून जिंकला. पाचवा सेट ९-७.