बियाण्याच्या पाकिटावरचं ‘प्रतिकारक’

भाऊ, पहिल्यांदाच कपाशी लावताय म्हणून सांगतो. पाकिटावर ‘बोंडअळी प्रतिकारक’ लिहिलंय तो झाडाचा गुण. मावा-तुडतुड्यांवर त्याचा काही उपयोग नाही. आणि गुलाबी बोंडअळीनेही आता तो पचवलाय. अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं बियाणं म्हणजे बीटी. एक जनुकाचं बीटी 2002 साली आलं, दोन जनुकांचं 2006 मध्ये. अळी दोन्हींना पुरून उरली. म्हणजे प्रतिकार आता तिच्याकडेही आहे, आणि तो वाढवतो आपणच.

कसा? फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभंच ठेवून. जानेवारी-फेब्रुवारीतही बोंडं मिळाली की अळीच्या पिढ्या चालूच राहतात. दोन-चार क्विंटलच्या लोभात पुढचा हंगाम घालवू नका. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, शेताबाहेर काढायच्याच. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाणं वेगळं मिळालं तर तेही लावा, त्यावर प्रतिकार नसलेल्या अळ्या टिकतात आणि प्रतिकार पसरायला वेळ लागतो. पूर्वी ते वेगळं मिळायचं तेव्हा लोक फेकून देत, मला हे कधी पटलं नाही.

फवारणीचा खरा घोळ दुकानात होतो. प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक चाललं नाही म्हणून क्विनॉलफॉस किंवा क्लोरपायरीफॉस आणलं, तर नाव बदललं, गट, म्हणजे अळीला मारण्याची तऱ्हा, तोच राहिला. त्याला चिवट झालेली अळी बहुधा यालाही दाद देत नाही. दुकानदाराला ‘वेगळ्या गटातलं द्या’ असंच म्हणा.

आणि आधी शेतात फिरा. पाकळ्या गुंडाळून मिटलेलं फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की तोडून उघडा. आत अळी सापडेल. ती जागेवरच चिरडा. एकरी वीस हिरवी बोंडं फोडून बघा. दोनांत अळी निघाली, तरच पंप उचला.