बेटावरचं घर थांबेल, आधी ती ‘एफडी’ बघू

विश्रामबाग, सांगलीहून एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांचं पत्र आलंय. वय 58, मे महिन्यात निवृत्त झाले, पेन्शन महिना 36 हजार. फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे मिळून 34 लाख ऑगस्टअखेर खात्यात आले. मुलगा 27 वर्षांचा, अंदमानात स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, स्कूबा डायव्हिंग शिकवतो आणि चौघांच्या खोलीत राहतो. सरांचा आणि वहिनींचा बेत असा: तिथल्या विजयनगरात (आपल्या कलेक्टर ऑफिसजवळचं नव्हे, बेटावरचं) तीन खोल्यांचं घर भाड्यानं घ्यायचं, दिवाळी झाली की जायचं, एप्रिलअखेर परतायचं. पावसाळ्यात मुलगाही सांगलीलाच असतो. दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या, वहिनी थालीपीठ आणि पिठलं-भाकरी करणार. भाडं महिना 25 हजार, डिपॉझिट 1 लाख. वर्षाचं भाडं आगाऊ दिलं तर घरमालक 3 लाखांऐवजी 2 लाख 75 हजार घ्यायला तयार आहे. सरांचा प्रश्न एवढाच: एकरकमी द्यावं की महिन्याच्या महिन्याला?

सर, घराचं सांगतो, पण शेवटी. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय, “यासाठी एफडी मोडायची नाही. बँकेतल्या मॅडमनी पाच लाखांची दहा वर्षांची चांगली एफडी करून दिली आहे. फक्त दरवर्षी रिन्यू करायला पाच लाख तयार ठेवायला सांगितलंय.”

एफडी रिन्यू करायला खिशातून पैसे घालावे लागत नाहीत. दरवर्षी पैसे घालावे लागतात तो हप्ता, आणि हप्ता विम्याचा असतो. म्हणून पत्र ठेवलं आणि तुम्हाला फोन लावला. कपाटातलं कुरिअरचं पाकीट तुम्ही फोन चालू असतानाच फोडलंत आणि पानांचे फोटो पाठवलेत. त्यात काय निघालं ते इथं छापतोय, कारण निवृत्तीचे पैसे खात्यात पडले की असलं पाकीट कुणाच्याही घरी येऊ शकतं.

आयुर्विमा पॉलिसी. वर्षाला 5 लाख, सलग 10 वर्षं. त्यानंतर थांबायचं, आणि बाराव्या वर्षाअखेरपासून 15 वर्षं दरवर्षी 6 लाख मिळणार. मागे तुमच्या अर्जाची प्रत जोडलेली. त्यात व्यवसाय ‘सल्लागार’, वार्षिक उत्पन्न 15 लाख. सही तुमची, अक्षर तुमचं नाही. मोबाइल नंबर तुमचा, ईमेल भलत्याचाच. हे चुकून होत नाही. तुमचं खरं उत्पन्न लिहिलं असतं तर एवढ्या हप्त्याचा अर्ज कंपनीतच अडला असता, म्हणून तुम्हाला सल्लागार करून टाकलं. तेहतीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाला!

तुमची वर्षाची पेन्शन 4 लाख 32 हजार. हप्ता 5 लाख. म्हणजे अख्खी पेन्शन दिली तरी 68 हजार कमीच, आणि घर चालवायला शून्य. हप्ते भरायचे कुठून? उरलेल्या 29 लाखांतून. व्याज धरलं नाही तर सातव्या हप्त्यालाच ते कमी पडतील. मग पुढचे हप्ते बुडाले की पॉलिसीही लंगडी. हे गणित मॅडमना येत नसेल असं मला वाटत नाही.

आणि एवढं करून मिळणार काय? “पन्नासाचे नव्वद होतात” असं तुम्हाला सांगितलंय. होतात. पण पहिले 6 लाख हातात पडतील तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल, आणि शेवटचे येतील तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. वेळेचा हिशोब घातला की हा परतावा वर्षाला 4 टक्क्यांच्या जरासा वर जातो. बचत खात्यापेक्षा थोडं बरं, साध्या एफडीपेक्षा वाईट. ‘गॅरंटीड’ हा शब्द मोठ्या अक्षरात असतो, गॅरंटी कितीची हे कुणी विचारत नाही.

“पण करमुक्त आहे ना?” असं तुम्ही फोनवर म्हणालात. हप्ता नेमका 5 लाखांवर का थांबवला, ठाऊक आहे? 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता 5 लाखांच्या वर गेला की मिळणाऱ्या रकमेची करमाफी जाते. विकणाऱ्याला कायदा चांगला पाठ आहे. प्रश्न असा की तुम्हाला करमाफी हवीय कशाला? नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तुमची पेन्शन अधिक सगळं व्याज धरलं तरी तुम्ही त्याच्या पुष्कळ खाली आहात. जो कर लागतच नाही तो वाचवायला तुम्ही 50 लाखांचा करार करून बसलात.

आता काय करायचं ते नीट ऐका, कारण दोन तारखा आहेत.

पहिली, पॉलिसीची. कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, कारण पटलं नाही एवढं पुरतं. काही दिवसांच्या विम्याचा किरकोळ आकार, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा करून हप्ता परत मिळतो. तुमचं पाकीट 24 सप्टेंबरला आलं, म्हणजे 24 ऑक्टोबरच्या आत अर्ज गेला पाहिजे, आणि मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या आहेत. अर्ज बँकेतल्या मॅडमच्या हातात द्यायचा नाही. त्या “सर, मी बघते” म्हणतील आणि दिवस निघून जातील. विमा कंपनीच्या शाखेत जा, लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. त्याच दिवशी कंपनीला ईमेलही करा, तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून. पॉलिसी आधी त्या भलत्या ईमेलवर पाठवली होती, त्यामुळे मुदत संपली असं कंपनी म्हणू शकते. तसं म्हणाली तर कुरिअरचं पाकीट हाच तुमचा पुरावा, ते फेकू नका.

तरीही नकार आला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, मग पुण्याचे विमा लोकपाल. लोकपालांकडे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं की तिथं जाता येतं, आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत. निवृत्त शिक्षकाच्या अर्जावर ‘सल्लागार, 15 लाख’ हे पान लोकपालांसमोर ठेवलं की बाकी फारसं बोलावं लागू नये. मॅडमशी भांडत बसू नका. त्यांच्या डोक्यावर टार्गेट आहे, उद्या त्यांची बदलीही होईल. पैसे कंपनीकडे आहेत, भांडायचं तिच्याशी.

दुसरी तारीख, जी तुम्हाला कुणीच सांगितलेली दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतरच जाता येतं असं बहुतेकांना वाटतं. 55 ते 60 मधल्या निवृत्तांनाही ती खुली आहे, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडलं तर. तुमचे पैसे ऑगस्टअखेर आले, म्हणजे नोव्हेंबरअखेर दार बंद. मग साठीपर्यंत थांबायचं. शाळेकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घ्या आणि मुख्य पोस्टात जा. सध्याचा दर 8.2 टक्के. त्यात 20 लाख ठेवा, दर तिमाहीला 41 हजार येतील. 9 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, 7.4 टक्क्यांनी महिना साडेपाच हजार. उरलेले 5 लाख अडीनडीला, दोन बँकांत विभागून. बँक बुडाली तर ठेव विम्याचं कवच एका बँकेत 5 लाखांपर्यंतच असतं, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. पॉलिसीचे 5 लाख परत येतील असं धरूनच हे मांडलंय. यायला उशीर झाला तर बाकीचं आधी करून घ्या. म्युच्युअल फंडाचं पुढच्या वर्षी बोलू. तुमच्या पेन्शनला महागाई भत्ता आहे, घाई नाही.

म्हणजे पेन्शनशिवाय महिना 19 हजारांच्या आसपास व्याज येईल. बेटाची हौस करायची ती या 19 हजारांत.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. तुम्ही लिहिलंय, “घरातल्या सर्वांची मेडिक्लेम आहे, मुलाचंही नाव आहे.” आरोग्य विम्यात काय धरत नाहीत त्याची एक ठरावीक यादी असते. धोकादायक आणि साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च त्यात येतो, आणि पुढच्या उदाहरणांत स्कूबा डायव्हिंग नाव घेऊन लिहिलेलं असतं. तुमच्या मुलाला डेंग्यू झाला तर पॉलिसी आहे, पाण्याखाली काही झालं तर बहुधा नाही. आणि तो रोज पाण्याखालीच असतो. तो शिकवतो त्या डायव्हिंग सेंटरनं प्रशिक्षकांसाठी डायव्हिंग धरणारा अपघात विमा काढलाय का, ते त्याला आज विचारा. “आहे बहुतेक” हे उत्तर चालणार नाही. कागद बघा. नसेल तर तो स्वतंत्र काढायचा खर्च या घराच्या आधी.

आता घर.

एकरकमी दिलं तर 25 हजार वाचतात. महिन्याला दिलं असतं त्यापेक्षा वर्षभरात सरासरी लाख-सव्वा लाख जास्तीचे अडकतात, म्हणजे वर्षाला 20 टक्क्यांच्या वर सुटले. कागदावर झकास. पण जो माणूस तुमच्या पैशावर 20 टक्के सोडतोय तो का सोडतोय? पावसाळ्यात पर्यटक नसतो, समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, घर रिकामं राहतं हे त्याला माहीत आहे. ते रिकामे महिने तो तुम्हाला विकतोय. तुम्ही राहणार सहा महिने. 2 लाख 75 हजार भागिले सहा, महिना 46 हजार पडलं. त्या भाड्यात विश्रामबागेत तुम्हाला दोन-तीन फ्लॅट मिळतील.

डिपॉझिट चार महिन्यांचं मागितलंय. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं धरलंय, आणि अंदमानसाठी त्याच धर्तीच्या नियमावलीला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी दिली. तेव्हा 50 हजारांवर बोलणं आणा. सांगलीच्या सवयीनं सातबारा मागू नका, पण घराखालची जमीन कुणाच्या नावावर आणि कसल्या प्रकारची, याची महसुली नोंद बघायला मागा. त्या बेटावर 1950 च्या दशकात पूर्व बंगालच्या निर्वासितांना वसवलं, बाकी बरीच जमीन वनखात्याची. कुणाचं घर कुणाच्या जमिनीवर आहे ते विचारलेलं बरं.

पर्यटकांना खोल्या द्यायचं मात्र डोक्यातून काढा. तुमचा हिशोब: दोन खोल्या, 180 रात्री, 2,500 रुपये, झाले 9 लाख. बाजारात तुरी! नाताळ ते नवं वर्ष खोल्या भरतील. एरवी नव्या माणसाच्या दहातल्या चार रात्री गेल्या तरी नशीब. 144 रात्री, 2,000 च्या भावानं 2 लाख 88 हजार. बुकिंग साइटचं कमिशन, चादरी, नाश्ता, वीज मिळून लाखभर गेले. हातात पावणेदोन-दोन लाख. भाडं पावणेतीन लाख. वर पलंग, एसी, पाण्याची टाकी यांना तुम्हीच 3 लाख धरलेत, तेही दुसऱ्याच्या घरात. शिवाय केंद्राच्या होमस्टे योजनेची मूळ अट अशी की मालक स्वतः कुटुंबासह त्या घरात राहत असावा. भाडेकरूनं भाड्याचं घर पुन्हा रात्रीच्या भाड्यानं द्यायचं हे त्यात बसत नाही, आणि तुमच्या घरमालकाला हा बेत तुम्ही सांगितलेलाही नाही. सेल्युलर जेलला मराठी माणूस जातोच, पुढे बेटावरही जातो, आणि वहिनींचं थालीपीठ त्याला आवडेलही. पण त्यासाठी घर अंगावर घ्यायची गरज नाही. मुलाच्या सेंटरमधल्या पाहुण्यांना आठवड्यातून दोनदा जेवण देऊन बघा.

दवाखान्याचंही एकदा बसून बोला. मिरजेच्या शेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला दवाखाना लांब असणं म्हणजे काय याची कल्पना नसते. बेटावर प्राथमिक उपचार होतात. मोठं काही झालं तर बोटीनं श्रीविजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, तिथल्या पंत रुग्णालयात. दोघांपैकी कुणाला बीपी किंवा शुगर असेल तर हे भाड्याच्या आधी ठरवायचं.

मी काय करेन? पहिल्या वर्षी मुलासाठी एका खोलीचं घर, महिन्याच्या भाड्यानं. तुम्ही दोघं फेब्रुवारी-मार्चला सहा आठवडे जा. मार्चमध्ये नळाला पाणी किती वेळ येतं, वीज कितीदा जाते, वहिनींना चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो का, सगळं कळेल. चांगलं घर तिथं ऑनलाइन सापडायचं नाही. सेंटरमधला कुणी नोकरी सोडून गावी निघतो तेव्हा त्याचं घर पुढच्याला मिळतं, म्हणून मुलाला कान उघडे ठेवायला सांगा. भाड्याचं बोलणं मे महिन्यात करायचं, घरमालकासमोर रिकामे महिने असताना.

राहिला प्रश्न मोबाइलवरून आधीच पाठवलेल्या 25 हजारांच्या टोकनचा. घरमालकाला आजच मेसेज टाका: वर्षाचा करार नको, फेब्रुवारी-मार्चसाठी घर हवं, टोकन त्या भाड्यात धरा. तयार झाला तर माणूस व्यवहाराला बरा आहे, पुढच्या वर्षी त्याच्याशी बोलता येईल. नाही म्हणाला तर 25 हजारांत सुटलात, पावणेचार लाख अडकले नाहीत.