दिरांचा तोटा आणि मुलीची वही

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुलगी ठाण्याच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'ट्री मॉडेल'नं ऑप्शनची किंमत काढायचं काम करायचं म्हणते. माझ्या दिरांचे ऑप्शनमध्ये चार लाख बुडाले. तिला या जुगारात कशी पाठवू?

उत्तर : ताई, तुमची धास्ती खोटी नाही. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालेला दिसला. पण दीर ऑप्शनवर पैसे लावत होते. मुलीला त्याचा रास्त भाव काढायचाय. फरक समजायला आज रात्री तिच्याकडून एक गणित मांडून घ्या.

शेअर १०० रुपयांना आहे. तीन महिन्यांनी ११० तरी होईल, नाहीतर ९०. व्याज सोडून द्या. तेव्हा तो १०० लाच घेण्याचा हक्क, म्हणजे 'कॉल' नावाचा ऑप्शन, आज कितीला विकावा? समजा विकणाऱ्यानं सोबत अर्धा शेअर घेऊन ठेवला. भाव चढला तर अर्ध्या शेअरचे ५५, त्यातले १० कॉलवाल्याला, उरले ४५. पडला तर अर्ध्याचे ४५ आणि द्यायचं काहीच नाही. दोन्हीकडे ४५! अर्धा शेअर आज ५० ला पडतो, हाती ४५ च येतात, म्हणून कॉल ५ रुपयांचा. शेअर चढणारच अशी कुणाला कितीही खात्री असो, त्या ५ चे ६ होत नाहीत. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

११० आणि ९० या दोन फांद्या. अशा फांद्यांना पुन्हा फांद्या फुटत गेल्या की झालं झाड. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. मशीन लर्निंगमधलं 'डिसिजन ट्री' वेगळं, ते जुन्या आकड्यांवरून शिकतं. मुलगी कुठल्या झाडाबद्दल बोलतेय ते आधी विचारा, कारण अभ्यास बदलतो.

मुदतीआधी वापरता येणाऱ्या हक्कासाठी हे झाड फार उपयोगी. आपल्याकडे शेअरवरचे ऑप्शन २०११ पासून मुदतीच्या दिवशीच वापरता येतात. पण कर्मचाऱ्यांना कंपनीच्या शेअरवर मिळणारे ऑप्शन (ईसॉप), कंपनीला मुदतीआधी परत घेता येणारे बाँड यांचं मूल्य काढायला ते उपयोगी पडतं. बँकांच्या रिस्क विभागात अशी मॉडेलं तपासणारेही असतात.

त्यासाठी एमएस्सी हवी. आयआयटींच्या एमएस्सी प्रवेशाच्या 'जॅम' परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, भारतीय सांख्यिकी संस्थेची (आयएसआय) प्रवेश परीक्षा, नाहीतर मुंबई विद्यापीठाचं कलिना. प्रोबॅबिलिटी पक्की हवी आणि पायथॉन हाताखालचं. वरचंच झाड तिनं पन्नास पायऱ्यांचं करून ब्लॅक-शोल्स या ऑप्शनच्या किमतीच्या प्रसिद्ध सूत्राच्या उत्तराशी ताडून पाहावं. त्यात दोन रविवार गेले आणि जेवणाची आठवण राहिली नाही, तर फॉर्म भरायला लागा. सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेचं डेरिव्हेटिव्ह्जचं (फ्युचर्स-ऑप्शनचं) प्रमाणपत्र ब्रोकरकडच्या कामाला लागतं, या कामाला तेवढं पुरत नाही.

तुमच्या जागी मी एकच अट घातली असती : एमएस्सी होईपर्यंत ट्रेडिंग खातं उघडायचं नाही.