गणित कच्चं आहे, नर्सिंग जमेल का?

ॲडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. बारावी आर्ट्सने झालीय, दहावीनंतर गणिताचं तोंडही बघितलं नाही, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, नंबर लागतोय पण तिथे औषधांचे डोस काढावे लागतात म्हणे, मग पोरीला जमेल का? आणि ज्या आधीच आत आल्यात त्यांचा प्रश्न याच्या पुढचा असतो, मॅडम माझ्या हातून कुणाचं काही बरंवाईट झालं तर?

एक केस सांगते. काही तपशील बदललेत, मुलीला आपण सुमन म्हणू. जीएनएमच्या पहिल्या वर्षाला होती, क्लास कोऑर्डिनेटरने माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं कारण पोरगी कोर्स सोडायचं म्हणत होती. वॉर्डातल्या पोस्टिंगच्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं, ड्रिप लावायची वेळ आली की ही कॉटन आणायला जायची नाहीतर मैत्रिणीला पुढे करायची, आणि एकदा वॉर्डातल्या सिस्टर पेशंटसमोरच बोलल्या की एवढं साधं येत नाही तर कशाला आलीस. वाक्य छोटं असतं पण अशा मुलीच्या डोक्यात ते वर्षभर वाजत राहतं.

तिने डोस कॅल्क्युलेशनचा टेस्ट पेपर आणला होता, शून्य नव्हते पण जवळपास तसंच. त्यातलं एक गणित बघा. बाळाचं वजन १० किलो, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅमने द्यायचं, सिरप ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅमचं, तर किती एमएल? हिने सूत्र लिहिलं होतं, हवं ते भागिले आहे ते गुणिले एमएल, पण आकडे उलटे बसले, १५० वर जायला हवे होते ते खाली गेले आणि उत्तर आलं ४ एमएल.

मी विचारलं, सूत्र बाजूला ठेव, पाच एमएलमध्ये १२० आहेत आणि आपल्याला १५० पाहिजेत, तर पाचपेक्षा जास्त औषध लागेल की कमी?

"जास्त लागेल ना." लगेच बोलली, एका सेकंदात.

मग हे चार कसे?

पेपरकडे बघितलं आणि हसायलाच लागली. मग स्वतःच पुढे गेली, पाचात १२०, वर राहिले ३०, १२० चा पाव म्हणजे ३०, पाचाचा पाव सव्वा, म्हणून सव्वासहा. बरोबर ६.२५. ही मुलगी गणितात कच्ची आहे असं कोण म्हणेल?

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींचं दुखणं हेच निघतं. त्यांना प्रमाण कळतं, पण सूत्र दिसलं की त्या कळणं बंद करतात आणि आठवायला लागतात. भीतीचाही यात मोठा हात आहे. मार्क ॲशक्राफ्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये सहकाऱ्यासोबत हे प्रयोगातून मांडलं, गणिताची धास्ती असली की गणित करताना डोक्यात आकडे धरून ठेवायची जी जागा असते तीच काळजीने भरून जाते. म्हणजे घरी येतं आणि परीक्षेत येत नाही हे मुलीचं रडगाणं नसतं, खरंच तसं होतं. अशा मुलीला अजून पन्नास गणितं घोटायला दिली तर फक्त भीती पक्की होते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आमच्याकडे नेमकं तेच केलं जातं.

सुमनच्या बाबतीत मला धागा सापडला तो तिच्या घरात. आई गावात बचत गटाची सचिव, आणि वही लिहायचं काम हिचं. मी म्हटलं तीन हजारांवर शेकडा दोनने महिन्याचं व्याज, माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी ही म्हणाली साठ. मग पुढच्या वेळी त्यांच्या ट्यूटर मॅडमना सोबत बसवलं आणि त्यांनी मॅग्नेशियम सल्फेटचं रिकामं आंपूल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, तिच्या हातात दिलं. गरोदर बाईला झटके आले तर हे देतात, पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. आंपूलवर लिहिलेलं ५०%, २ एमएल. टक्क्यांची सुमनला भयंकर धास्ती. मी एवढंच म्हटलं की तुझ्या वहीतलं शेकडा दोन तेच हे, इथे शेकडा पन्नास.

आंपूल फिरवत ती बोलत गेली, शंभर एमएलला पन्नास ग्रॅम, म्हणजे दोन एमएलला एक, पाच ग्रॅमला दहा एमएल, म्हणजे एका बाजूला पाच आंपूल... "बापरे मॅडम, एका जागी दहा एमएल?" ट्यूटर मॅडम म्हणाल्या हो, एवढं असतं, म्हणूनच खोल द्यायचं. मला त्या उत्तरापेक्षा तो बापरे महत्त्वाचा वाटला, आकडा बघून दचकता येणं हीच नर्सची खरी अंकओळख. सूत्राने काढलेलं उत्तर दहा पट चुकलं तरी सूत्र गप्प बसतं, दचकायला माणूसच लागतो.

त्यानंतर ट्यूटर मॅडमनी स्किल लॅबमध्येच बराच सराव घेतला, कागद शेवटी. आधी अंदाज मोठ्याने बोलायचा, मग सिरिंजमध्ये पाणी ओढून दाखवायचं, मग लिहायचं. तेच दीडशे मिलिग्रॅम, पण सिरप ५ एमएलमध्ये २५० वालं असेल तर ३ एमएल आणि ड्रॉप्स १०० मिलिग्रॅम प्रति एमएलचे असतील तर दीड एमएल, तिन्ही सिरिंजा शेजारी शेजारी ठेवल्या की मुलींना न सांगता कळतं की बाटली बदलली तर सगळं बदलतं. ड्रिपचंही तसंच. ५०० एमएलचा पाइंट चार तासांत सोडायचा, ड्रिपच्या नळीच्या सेटच्या पाकिटावर लिहिलंय एमएलला २० थेंब, म्हणजे दहा हजार थेंब २४० मिनिटांत, मिनिटाला साधारण ४२. पण वॉर्डात पूर्ण मिनिट कोण उभं राहतंय, म्हणून पंधरा सेकंदांत दहा-अकरा मोजायचे. आणि मायक्रो सेटला, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटला, एमएलला ६० थेंब, तिथे तर तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब, काही करायचंच नाही. हे कळल्यावर सुमन वैतागली होती, एवढं सोपं होतं तर आधी कुणी का नाही सांगितलं.

तयार युक्त्यांबद्दल मात्र एक सांगायला हवं. ब्रिटनमध्ये सेलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पोझी या गणित-शिक्षणाच्या संशोधकांनी मुलांच्या वॉर्डातल्या नर्सेसचं काम जवळून बघितलं, २००१ मध्ये ते छापून आलं. अनुभवी नर्सेस शिकवलेलं सूत्र फारसं वापरत नव्हत्या, त्या त्या औषधाच्या ठरलेल्या पद्धतीने करत होत्या आणि बरोबर करत होत्या. आपल्याकडेही सीनियर सिस्टरना बघा, अमिकासिन या अँटिबायोटिकची १०० मिलिग्रॅम २ एमएलवाली व्हायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, असली की डोस दुप्पट करून शंभराने भागायचा, १२० मिलिग्रॅम म्हणजे २.४ एमएल. झकास चालतं. पण अमिकासिन ५०० मिलिग्रॅम २ एमएलमध्येही येतं आणि त्या दिवशी हाताशी ती व्हायल असेल तर हीच युक्ती पाचपट औषध देईल. म्हणून युक्ती शिका, पण लेबल वाचल्यावरच वापरा.

इन्सुलिनचंही तेच. आपल्याकडे व्हायल सहसा एमएलला ४० युनिटची आणि पेनमधलं १०० चं, सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी. ४० वालं इन्सुलिन चुकून १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर आत जातात फक्त ८ युनिट, आणि उलटं झालं तर ५०. इथे गणित कुणाचंच चुकत नाही, बघायचं राहून जातं. त्यामुळे खरं सांगू का, भित्र्या मुलींची मला काळजी कमी वाटते, त्या दोनदा बघतात. मला धास्ती बारावीला गणितात ऐंशी पडलेल्यांची वाटते, ज्या लेबलकडे न बघता उत्तर सांगतात.

हे फक्त नर्सिंगपुरतं नाही. आयटीआयच्या पोरांना वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो, फिटर ट्रेडचा पोरगा व्हर्नियर या मोजपट्टीवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप अचूक घेतो आणि पेपरात दशांश चिन्ह चुकवून नापास होतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो या अर्थतज्ज्ञांच्या टीमचा २०२५ मधला अभ्यास कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर होता, गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी फटाफट, तीच आकडेमोड कागदावर आली की अडतात, आणि शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं. दोन्हीमधला पूल आपोआप होत नाही, कुणीतरी बांधावा लागतो.

सगळ्यांचं असं सुटतं असंही नाही हं. घड्याळ वाचताना अडखळणं, १५ आणि ५१ सतत उलटे होणं, ०.५ मोठा की ०.०५ हे वस्तू समोर ठेवूनही न कळणं, लहानपणापासून हे असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तपासणी करून घ्या. डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकडेच समजायला अडणं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेला आहे, परीक्षेत सवलती मिळू शकतात. पण अशा मुलीला वॉर्डात एकटीने डोस काढायचं काम झेपेल का हे तिच्याशी आणि ट्यूटरशी मोकळेपणाने बोलायला लागतं, नुसतं तू करशील म्हणून ढकलू नका.

आणि ॲडमिशनआधी गणिताचा क्लास लावू का, तर नको. घरातली औषधं काढा, लेबलं वाचायला लावा, किती एमएलमध्ये किती मिलिग्रॅम, अर्धी गोळी म्हणजे किती, ग्रॅम-मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅम हजाराने बदलतात हे अंगात भिनू द्या. तेवढं पुरतं.

सुमनने कोर्स सोडला नाही. पोटदुखी हळूहळू कमी झाली, परीक्षेच्या आदल्या दिवशी अजून होते. वॉर्डात ती प्रत्येक डोस दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते, पण "मला तीन एमएल येतंय, बरोबर ना?" असं नाही विचारत, कारण मग समोरची घाईत हो म्हणून टाकते. स्वतःचं उत्तर सांगतच नाही, व्हायल आणि ऑर्डर पुढे करते आणि म्हणते, सिस्टर तुमचं किती येतंय बघा ना. काही सीनियर वैतागतात, मग त्यांची चिडचिड ऐकून घेते आणि तरीही थांबते.