परदेशी सून आणि आपली दमट हवा

ताई, मुलगा आणि पोलंडची सून मेच्या पहिल्या आठवड्यात दोन वर्षांसाठी नवी मुंबईत घणसोलीला येतायत, तिन्ही खोल्यांना एसी बसवू का, असं तुम्ही विचारलंय. आमची सून हॅम्बुर्गची. नेरुळच्या घरी तीन वर्षं आमच्यासोबत राहिली. तेव्हा ज्या चुका केल्या त्या आधी सांगते.

एसी झोपायच्या खोलीत एकच पुरे. उकाड्याची सवय शरीराला लागते, साधारण दहा ते चौदा दिवसांत. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पण दिवसभर सोळावर लावलेल्या एसीत बसवून ठेवलंत तर सवय लागणार कशी? सकाळी लवकर आणि संध्याकाळी खाडीकडून वारा सुटल्यावर बाहेर न्या. बारा ते चार घरात. ती फोनवर ३४ अंश बघेल आणि म्हणेल, स्पेनला सुट्टीत याहून जास्त होतं. तिथला घाम वाळतो, इथला नुसता ओघळतो. आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा.

पाणी पी, पाणी पी म्हणून मी आमचीच्या मागे लागले होते. चौथ्या रात्री तिच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे. नुसतं पाणीच ढोसत होती, जेवण जेमतेम, मीठ पोटात जाणार कुठून? मग ताक, कोकम सरबत, पन्हं सुरू केलं. ताक तिला आवडलं, पन्हं अजिबात नाही. फार गळून गेली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, मोजून. आणि बोलणं असंबद्ध झालं, अंग भाजू लागलं, तर सरबत करत बसू नका. अंग ओलं करा, पंखा लावा, थेट हॉस्पिटल. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात माणसं उष्माघाताने गेली, ती तर आपल्याकडचीच होती.

पण खरी गंमत पावसाळ्यात. मे कसाबसा निघतो. पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, आपण सगळे हुश्श करतो, आणि तिकडून आलेल्या माणसाचा खरा वैताग तिथून सुरू होतो.

आमची सून रोज सकाळी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायची, दहा मिनिटं. जर्मनीत हा घराघरातला नेम आहे. तिथली बाहेरची हवा थंड, तिच्यात पाणी कमी. ती आत येऊन तापली की घर कोरडं होतं. मला वाटलं, चांगलीच सवय आहे, उघडू दे. जुलैत आपल्याकडे बाहेरची हवा म्हणजे ओला पंचा. रात्रभर एसीने गार झालेल्या खोलीत ती शिरली की गार भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर पाणी सुटतं. तीन आठवड्यांनी तिने कपाटातून चामड्याचे बूट काढले, तर वरून पांढऱ्या मऊ बुऱ्याची साय. आतल्या पट्ट्यावर हिरवट ठिपके. बोटाने पुसलं तर वास असा कुबट की ती बूट हातात धरून बाल्कनीत नुसती उभी राहिली. मला वाटलं, आता रडते. नंतर कळलं, तिच्या वडिलांनी घेऊन दिले होते.

तेव्हापासून आमच्याकडे नियम: एसी बंद करून खोली बाहेरच्याइतकी उबदार झाल्याशिवाय खिडकी उघडायची नाही. पावसात एसी ‘ड्राय’वर. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे. चामडं, लोकर, जाड कोट मुळात आणूच नका म्हणावं. जाड टर्किश टॉवेलही नकोत, ते ऑगस्टमध्ये वाळतच नाहीत. आपले पंचे द्या. ती आधी हसेल.

बाकी बारीकसारीक. पापड, बिस्किटं उघडी राहिली की सादळणार, मिठात तांदळाचे दाणे घाला. घामोळ्यांना सैल सुती कपडा आणि दोनदा गार पाण्याने अंघोळ, पावडरचे थर नकोत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करा. रस्त्यावर पाणी साचलं आणि पायाला जखम असेल तर त्यातून चालू देऊ नका, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो.

एक कागदाचं काम मात्र आमचं राहिलं होतं. परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, आमच्या वेळी त्याला ‘फॉर्म सी’ म्हणत. हे फक्त हॉटेलवाल्यांचं नाही, घरच्यांचंही काम आहे. ती आली त्या रात्रीच भरून टाका. आम्ही तिला ओवाळण्यात गुंग होतो, मग धावपळ झाली.

आणि हो, ती एखादं लाकडी वाद्य आणणार असेल तर आधी सांगा. आमचीच्या व्हायोलिनच्या खुंट्या पहिल्याच पावसात फुगून बसल्या होत्या. त्यावर वेगळं लिहीन.